बिघडलेल्या बाहुलीचा आवाज

या, अशा जवळ सरका. एवढ्या लांबून ऐकाल तर अर्धं कानात शिरणार नाही. आणि पानं उलटून शेवट आधी वाचायची तुमची खोड आज सोडा बरं का... मला माहीत आहे तुम्ही काय करता, कारण मीही या सदरातले अनुभव तसेच वाचते. आधी शेवट बघायचा, माणूस वाचला का ते पाहायचं, मग निवांत सुरुवातीला यायचं. तर तुमचा जीव टांगणीला नको म्हणून आत्ताच सांगून टाकते — आमची चिमी वाचली. मी हे लिहून राह्यले आणि ती माझ्या मागं पोळपाट ओढत फिरते आहे. आता नीट बसून ऐका.

आणखी एका गोष्टीवरून तुमच्यावर रागवायचं आहे. तुमच्या सगळ्यांची भुतं रात्रीच कायले निघतात? अमावस्या, चिंचेचं झाड, पांढरं लुगडं... दर वेळी तेच. माझ्यासोबत जे झालं ते सकाळी अकराच्या सुमारास झालं, भर उन्हात, सोयाबीनच्या काढणीत, पंधरा-वीस माणसांच्या देखत. त्यात भूत नाही, लुगडं नाही. फक्त एक आवाज आहे. एवढासा.

मी दुसरीपर्यंत शिकलेली बाई. पुढचं वाचन लेकरांच्या पुस्तकांवरून आणि किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून शिकले. लिहायला बसले की पुस्तकातली भाषा आणायला बघते, पण मधेच आमची वऱ्हाडी घुसते. सांभाळून घ्या.

या असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कोणीतरी शीळ घालतं म्हणून बाया तिकडून यायला भीत होत्या. मी जाऊन पाहिलं. स्प्रिंकलरच्या पाइपाचा वायसर गेला होता, त्यातून हवा सुटत होती. वायसर बदलला, भूत गेलं. अशी मी. म्हणून हे सांगायला मला वर्षभर धीर झाला नाही... लोक म्हणतील, म्हातारी झाली, कान वाजायला लागले.

आता जागा सांगते, कारण जागा नीट कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमचं गाव मानोरा तालुक्यात, इंझोरीपासून आत. गावापासून वावर पायी दहा मिनिटं. वावरात विहीर, विहिरीला लागून सिमेंटचा ओटा, ओट्याशेजारी धुणं धुवायची जागा. तिथून पंधरा पावलांवर कडुनिंब, निंबाखाली खाट. निंबाच्या पलीकडे, बऱ्याच अंतरावर, त्या दिवशी थ्रेशर लावलं होतं.

माणसंही फार नाहीत. माझे मालक जाऊन सहा वर्षं झाली. त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे भासरे, त्यांना सगळं गाव आबाजी म्हणतं. वय शहात्तर. कानानं फार कमी ऐकू येतं, ट्रॅक्टरनं मागे येऊन हॉर्न दिला तरी वळून बघत नाहीत. त्यांची धाकटी सून वर्षा, आणि वर्षाची लेक चिमी. तेव्हा चिमी एक वर्ष चार महिन्यांची होती. नाव ईश्वरी, पण एवढ्याशा जिवाला एवढ्या मोठ्या नावानं हाक कोण मारणार.

आता आमच्या घरची एक रीत सांगते. आजच्या पोरींना हसू येईल. भासऱ्यांसमोर धाकट्या भावाच्या बायकोनं बोलायचं नाही. डोक्यावरून पदर, दाराआड उभं राहायचं, त्यांच्या अंगाला धक्का लागू द्यायचा नाही. काही सांगायचंच असेल तर भिंतीला सांगायचं. "चहा थंडा होऊन राह्यला म्हणा." ते पण भिंतीलाच सांगायचे, "जऊळकेवालीले सांगा, मीठ जास्त झालं." माझं माहेर जऊळका, रेल्वे स्टेशन आहे ना, तेच. तर मी त्या घरात आले तेव्हापासून, पंचेचाळीस वर्षं, आम्ही दोघं एकमेकांशी एक शब्द थेट बोललो नव्हतो. त्यांचे कान गेल्यावर तर आणखी मजा. मी दाराआडून हळू बोलायची, ते त्यांना ऐकू जायचं नाही, मग घरातलं एखादं लेकरू दोघांच्या मधे उभं राहून ओरडायचं. वैर नव्हतं हो. आदरच होता. पण आदर असा की मधे कायम एक भिंत.

झालं... आता बाहुलीकडे येते.

माझी सून रेखा आशाताई आहे. त्या वर्षी आरोग्य केंद्रात आशांचं एक दिवसाचं ट्रेनिंग होतं — लेकराचा श्वास बंद पडला तर गाडी येईपर्यंत काय करायचं त्याचं. रेखाचं बाळ अंगावर पिणारं, म्हणून बाळ सांभाळायला मी सोबत गेले. कोपऱ्यात नातवाला मांडीवर घेऊन बसले आणि बघत होते. टेबलावर एक रबरी बाहुली, वर्षभराच्या लेकराएवढी. सिस्टर तरुण होत्या, पण बोलायला कडक.

एका आशानं बाहुलीची छाती दाबली आणि म्हणाली, "सिस्टर, हे तं काईच म्हणत नाई."

"तिचा आवाज बिघडला आहे. चांगली होती तेव्हा बरोबर खोल दाबलं की आतून टक वाजायचं. कमी दाबलं की गप्प. आता तुम्हीच तोंडानं टक म्हणा."

मागून कोणीतरी म्हणालं, "मुकी हाय म्हणून सासरी टिकन बाई."

मग काय, सगळ्या हसत हसत बाहुली दाबताहेत आणि तोंडानं टक, टक म्हणताहेत. शाळेतल्या पोरींवानी. माझ्याकडे बघून सिस्टर म्हणाल्या, "मावशी, बाळ द्या कोणाकडं. तुम्ही पण या."

"मी कायले? मी काय आशा हाय?"

"लेकरं आशाला विचारून बुडत नाहीत, मावशी. या."

गेले. सिस्टरनी शिकवलं ते असं. लेकरू कडक जागेवर उताणं ठेवायचं. हनुवटी थोडी वर, जसं आपण फुलाचा वास घ्यायला नाक पुढं करतो ना, तेवढीच, जास्त नाही. आपलं तोंड त्याच्या तोंडानाकावर ठेवून पाच फुंकरी, छाती वर आलेली दिसली पाहिजे. मग छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या भागावर दाबायचं. वर्षाच्या आतलं असेल तर दोन बोटांनी, वरचं असेल तर एका हाताच्या तळव्यानं. तीस वेळा दाबायचं, दोन फुंकरी. पुन्हा तीस. गाडी येईपर्यंत किंवा लेकरू हलेपर्यंत थांबायचं नाही.

मी दाबलं. सिस्टर म्हणाल्या, "मावशी, कणीक मळता ना? मग एवढं नाजूक काहून?"

"लेकरू हाय ना."

"लेकरू आहे म्हणूनच. छातीची जाडी तीन वाटे धरा, एक वाटा आत गेली पाहिजे."

मी जोर लावला आणि तोंडानं टक म्हटलं. सगळ्या हसल्या. एवढंच. ती बाहुली माझ्या हाताखाली वाजली नाही. त्या दिवशी कोणाच्याच हाताखाली वाजली नाही. हे मी मुद्दाम सांगून ठेवते आहे.

जाता जाता सिस्टर एक गोष्ट दोनदा बोलल्या. बुडालेल्या लेकराला उलटं टांगून फिरवू नका, मिठात ठेवू नका. आपल्याकडे हेच करतात म्हणाल्या, आणि जो वेळ फुंकर घालायचा असतो तो यात जातो. मी मान डोलावली. खरं सांगू? तेव्हा मनात आलं, आपल्या जुन्या माणसांनी काय उगाच केलं असेल का?

त्यानंतर काही महिन्यांनी सोयाबीन निघालं. त्या दिवशी वर्षानं सकाळी विहिरीवर धुणं धुतलं आणि कपडे खंगाळायचा निळा टप तसाच राहिला. अर्धा भरलेला, वीतभर पाणी. चिमीचा बाप पोती घेऊन मानोऱ्याला गेला होता. वर्षा मजुरांना पाणी द्यायला निघाली. चिमी निंबाखाली आबाजींजवळ खेळत होती. वर्षानं हातवारे करून त्यांना सांगितलं, लक्ष ठेवा. त्यांनी मान हलवली. खाटेवर बसून ते दोरी वळत होते.

मी थ्रेशरजवळून ताडपत्री न्यायला विहिरीकडे आले. थ्रेशरचा असा धडधडाट की स्वतःचा आवाज स्वतःला येत नव्हता. टपाकडे नजर गेली. टपाच्या काठावरून दोन पाय वर आलेले दिसले. पायात वाळे. हलत नव्हते.

मी ओरडले असेन. आबाजींना ते ऐकू गेलं नाही, पण त्यांनी मला पळताना पाहिलं. माझी नजर जिकडे होती तिकडे त्यांनी पाहिलं, आणि पंचाहत्तरीचा माणूस माझ्या आधी तिथं पोचला. चिमीला बाहेर काढलं. ओठ जांभळे, हात लोंबकळत होते. छाती हलत नव्हती.

आणि आबाजींनी तेच केलं जे त्यांच्या बापानं, आज्यानं केलं असतं. तिचे दोन्ही पाय धरले, उलटी टांगली आणि गरगर फिरवायला लागले. फिरवता फिरवता ओरडत होते, "मीठ आना. कोठ्यातून मिठाचं पोतं आना." गुरांसाठी खडे मीठ असतं आमच्या कोठ्यात, म्हणजे गोठ्यात. दोन माणसं पळालीही. वर्षा धावत आली आणि बघताच फोन काढून नंबर लावू लागली.

मी समोर उभी. सिस्टरचा आवाज कानात. आणि समोर भासरे.

तुम्हाला खोटं वाटेल, पण एवढ्या वेळीही माझा हात आधी पदराकडे गेला. डोक्यावर घेतला. पंचेचाळीस वर्षांची सवय. मग मी म्हटलं, "ठेवा तिले खाली."

पंचेचाळीस वर्षांतला माझा पहिला शब्द, आणि त्यांना तो ऐकूच आला नाही.

मग मी पुढं झाले, त्यांचं मनगट धरलं, दोन्ही हातांनी, घट्ट. पदर कुठं गेला मला ठाऊक नाही. त्यांच्या कानाला तोंड लावून म्हटलं, "आबाजी, लेकरू माह्याजवळ द्या. फिरवू नका. मले येते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच तोंड पाहिलं असेल त्यांनी माझं, असं समोरासमोर. आणि चिमीला माझ्या हातात दिलं.

तोवर मिठाचं पोतं आलं. एक जण म्हणाला, "काकू, येडेपणा नका करू, मिठात ठेवा." आबाजींनी हात आडवा केला.  

ओट्यावर ठेवलं तिला. तोंडात बोट फिरवून पाहिलं, काही नव्हतं. पहिली फुंकर घातली, छाती वर आली नाही. माझा जीव तिथंच गेला... मग आठवलं, फुलाचा वास. हनुवटी थोडी वर केली. दुसरी फुंकर. छाती वर आली. अशा पाच. मग तळवा ठेवला.

आणि माझा हात दबेना हो. बाहुली रबराची होती. ही आमची चिमी होती, कालपर्यंत माझ्या हातानं तेल लावलेली, तिची एकेक फासळी मला माहीत. हाड मोडलं तर? मी दाबते आहे असं मला वाटत होतं, पण नुसता हात ठेवून हलवत होते. एक, दोन, तीन, चार...

सातव्या की आठव्याला, घाबरून की काय, जोर जास्त पडला.

टक.

स्पष्ट. माझ्या तळव्याखालून. चुन्याच्या डबीचं पत्र्याचं झाकण अंगठ्यानं दाबल्यावर आत बसतं ना, तसा. मी चमकले. पुन्हा हळू दाबलं — काही नाही. जोरानं दाबलं — टक.

तेव्हा विचार करायला वेळ नव्हता. मला एवढंच कळलं की टक म्हणजे बरोबर. त्या आवाजाला धरून मी चालत राहिले, अंधारात भिंत धरून चालावं तसं. टक, टक, टक. तीस झाले की दोन फुंकरी. पुन्हा टक. कोणीतरी जाऊन थ्रेशर बंद केलं. एकदम शांत झालं. वर्षा रडत रडत फोनवर १०८ वाल्यांना पत्ता सांगत होती. त्या शांततेतही टक तसाच. मोठा नाही, लहान नाही.

एका वेळी माझा हात दमला. खांद्यातून कळ आली आणि आवाज बंद झाला. मला वाटलं, गेली. मग कळलं, मीच कमी दाबते आहे. दात आवळले, पुन्हा जोर लावला. टक. आला परत.

किती वेळ झाला, मला सांगता येणार नाही. वर्षा म्हणते पाच मिनिटं, कोणी म्हणतं दहा. मी फुंकर घालायला वाकले आणि चिमीच्या पोटात उबळ आली. तोंडातून पाणी आलं, दूध आलं. तिला कुशीवर केलं. मग ती खोकली. मग एक बारीक आवाज काढला, मांजरीच्या पिलासारखा, आणि मग रडली.

त्या रडण्यासारखं गोड मी आयुष्यात काही ऐकलं नाही. मजूर घेऊन आलेली पिकअप उभी होती, तिच्यात घातलं. रस्त्यात १०८ ची गाडी भेटली, तिच्यात ऑक्सिजन लावला. रडली म्हणून घरी ठेवून घ्यायचं नसतं हो, पाणी छातीत गेलेलं असतं, दवाखान्यात न्यावंच लागतं, हे पण लक्षात ठेवा. वाशिमला चार दिवस होती. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. फासळी मोडलेली नव्हती. डॉक्टर म्हणाले, "हे कोणी केलं?" वर्षानं माझ्याकडे बोट दाखवलं. मी पदर पुढं ओढला.

आवाजाचं मी कोणाला बोलले नाही. फक्त वर्षाला सहज विचारलं, "मी दाबत होती तवा तुले काही आयकू आलं का वं?"

"तुमी मोजून राह्यल्या होत्या ना काकू. तेच आयकलं."

बरं म्हटलं. मनाचा खेळ. सिस्टरनी टक म्हणायला लावलं होतं, तेच डोक्यात राहिलं असेल. विषय संपवला मी.

चिमी घरी आल्यावर दोन-तीन दिवसांनी दुपारी मी धान्य निवडत बसले होते. दारात सावली आली. आबाजी. मी सवयीनं उठून दाराआड गेले. ते उंबरठ्यावर बसले आणि भिंतीला नाही, मला म्हणाले,

"जऊळकेवाली, तुह्या हाताखाली ते काय वाजे?"

माझ्या हातातलं सूप खाली पडलं. मी दाराआडून बाहेर आले आणि मोठ्यानं विचारलं, "तुमाले आयकू आलं?"

त्यांनी उंबरठ्याच्या लाकडावर बोटानं वाजवून दाखवलं. टक, टक, टक... त्याच चालीनं. वाजवत राहिले, आणि मधेच बोट थांबवलं.

"इथं बंद झालं होतं जरासं. मंग पुन्हा सुरू झालं."

 माझा हात दमला होता हे मी कोणाला सांगितलंच नव्हतं.

मग ते म्हणाले, आणि हे मी जसंच्या तसं लिहिते, "पंधरा पावलावर बसलो होतो मी. लेकरू पाण्यात पडलं असन, हातपाय मारले असन. मले काही नाई आयकू आलं. थ्रेशर नाई आयकू येत मले. मंग हे काहून आयकू आलं?"

डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसत नव्हते. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर, जमिनीवर का होईना, बसले. म्हटलं, "आबाजी, तुमी नाई देल्ली असती ना माह्या हातात, तं मी काय करणार होती? तुमी देल्ली. त्यानं झालं."

"तू मनगट धरलं माह्यं."

"हाओ, धरलं."

"जोर हाय तुह्या हातात," असं म्हणाले आणि उठून गेले. तेव्हापासून आमची भिंत गेली. आता ते मला थेट म्हणतात, मीठ जास्त झालं.

पण गोष्ट इथं संपत नाही. उन्हाळ्यात रेखा आरोग्य केंद्रातून आली आणि म्हणाली, "आत्या, नवी बाहुली आली ट्रेनिंगले." मी दुसऱ्याच दिवशी गेले. सिस्टर त्याच होत्या. मला ओळखलं, चिमीचं त्यांना कळलं होतं, पाठीवर हात ठेवला. मी म्हटलं, मला एकदा दाबू द्या.

तळवा ठेवला. दाबलं.

टक.

 तोच. चुन्याच्या डबीच्या झाकणासारखा, तोच, तसाच. मी पुन्हा पुन्हा दाबलं, मग खुर्चीवर बसून घेतलं. सिस्टरनी पाणी दिलं. त्यांना सगळं सांगितलं. त्या शिकलेल्या, शांतपणे ऐकून घेतलं.

"मावशी, तुम्ही हा आवाज आधी कुठंतरी ऐकला असेल."

"कुठं आयकन, सिस्टर? या बाहुल्या काय जत्रेत भेटतात?"

"मग बांगड्या वाजल्या असतील."

मालक गेल्यापासून माझ्या हातात बांगडी नाही. त्यांना हात दाखवला. मग त्या म्हणाल्या, कधी कधी दाबताना बरगड्यांच्या कुरकुरीचा आवाज येतो. असेल. पण तो मी दमल्यावर बंद होऊन, जोर लावल्यावर पुन्हा तसाच कसा सुरू होईल, आणि एका बहिऱ्या माणसाला कसा ऐकू येईल, ते त्यांना सांगता आलं नाही. त्यांनी तसं कबूलही केलं. चांगली बाई.

माझ्या थोरल्या नातीनं वेगळीच शक्कल काढली. ओट्याखाली एखादा पत्रा असेल, तो दबून वाजला असेल. वावरात जाऊन पाहिलं. ओटा भरीव सिमेंटचा. त्यावर मी नाचले तरी वाजत नाही. नाचून पाहिलं, खोटं कायले सांगू.

कोणी म्हणतं देवीनं वाचवलं. आम्ही पोहरादेवीला जाऊन चिमीला पायावर घालून आलो, हात जोडले. पण मी देवीला पण तेच विचारलं — माय, वाचवायचं होतं तर नुसतं वाचवायचं, हे टक-टक कायले? उत्तर नाही आलं. विज्ञानवाल्यांकडे नाही, देवीकडे नाही, माझ्याकडे तर नाहीच. जसं झालं तसं सांगितलं. त्यात माझं काही जास्तीचं घातलेलं नाही.

एक मात्र झालं. आबाजींनी स्वतः गावातल्या गड्यांना पारावर गोळा केलं. रेखानं बाहुली मागून आणली. बाया शिकतात, गडी लाजतात, बाहुली काय खेळायची म्हणतात. आबाजींनी काठी आपटली आणि पहिला हात स्वतः लावला. आधी त्यांना तोंडातली तंबाखू थुकायला मीच सांगितलं, सगळ्यांसमोर. थुकली. आता आमच्या गावात पंचवीसेक माणसांना हे येतं. आणि धुणं झालं की टप पालथा पडतो, कोणाच्याही घरी.

तर आता तुमचं काय ते सांगा. तुमच्यापैकी कोणाला यातलं काही कळत असेल, कोणाच्या हाताखाली असं काही वाजलं असेल, तर पत्र लिहू नका. इकडे या. इंझोरीच्या फाट्यावर उतरा आणि आबाजींचं घर विचारा, कोणीही आणून सोडेल. दिवसा या, जेवायच्या वेळेला या, चिमी तुमच्या चपला लपवेल तेवढं सांभाळा. आवाज ऐकणारे आम्ही दोघंच होतो. माझं तुम्ही वाचलं. दुसऱ्याला सत्त्याहत्तरावं लागलं आहे, आणि उंबरठ्यावर बोट वाजवून ते जसं दाखवतात तसं मला लिहिता येत नाही. म्हणून म्हणते, फार दिवस लावू नका. लवकर या.